पट्ट्यापलीकडची खोली

आमच्या खोलीला एकच दार. त्या दारातून बाहेर पडायचं तर गिरणीतून जावं लागायचं, आणि गिरणी चालू असली की वाट बंद. खरं तर एवढंच सांगायचं आहे. पण एवढ्यानं कुणाला कळत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

उल्हासनगरात तेव्हा नुसत्या पलटणीच्या बराकी. लढाई संपली, पलटण गेली, मग घरदार टाकून आलेले सिंधी लोक त्या बराकीत राहिले. एका बराकीच्या टोकाला एका सिंधी शेठनं पिठाची गिरणी टाकली. आमचे हे त्या गिरणीवर कामाला लागले. ह्यांच्या घरी शेती थोडी आणि भाऊ फार. शेठनं गिरणीच्या मागच्या अंगाला पत्रा मारून खोली दिली, तशी ह्यांनी आपल्या आईला आणि मला तिथं आणलं. माझं माहेर जांभूळ, बदलापूरकडे. डोळ्यांपुढं सगळं रान. माझ्या बापाच्या घराला तर कवाडसुद्धा नव्हतं, काठ्यांचं झापड होतं नुसतं.

पहिल्यांदा गिरणी इंजिनावर होती. इंजिन बाहेर ओट्यावर. ते सुरू करायचं म्हणजे काम असायचं. एकानं मोठं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं पट्ट्याला हात घालून ओढ द्यायची, चार वेळा ते नुसतं खोकायचं आणि मग पुक-पुक करत चालू व्हायचं. घासलेटाचा वास, काळा धूर, सगळं होतं. पण ते बाहेर होतं. आमची वाट मोकळी होती. मी हंडा घेऊन दिवसातून कितीदा तरी जायचे-यायचे.

मग विजेची मोटर आली.

शेठनं पेढे वाटले. ‘तीन तारांची लाइन है, बाई,’ असं मला सांगितलं, जसं काही लग्नाची वरात येणार आहे. लाइन मागच्या खांबावरून आली. तार कमी लागावी म्हणून मोटर आमच्या दाराजवळच्या कोपऱ्यात बसवली. दगड राहिले समोरच्या बाजूला, जिथं गिऱ्हाइकं उभी राहतात तिथं. मोटर इकडं, दगड तिकडं, आणि मधे पट्टा, बरोबर कमरेइतका वर, आमच्या वाटेवर आडवा. कुणाच्या डोक्यात आलं नाही की पट्ट्याच्या मागं माणसं राहतात. ह्यांच्यासुद्धा नाही.

पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाईक बाईचा पदर पट्ट्यात गेला. ती वाकून आपला डबा उचलत होती. पदर फाटला म्हणून बाई वाचली, नाहीतर ओढली गेली असती. तेव्हापासून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, मला पोरीची शपथ घातली. पट्टा फिरत असताना खालून नाही, वरून नाही, कसंच जायचं नाही. थोरली तेव्हा झोळीत होती. मी शपथ मोडली नाही.

तर असं झालं. उजाडायच्या आत पाणी भरायचं. गिरणी चालू झाली की दुपारपर्यंत आम्ही दोघी सासू-सुना आणि पोर, आत. दुपारी हे जेवायला थांबायचे तेवढी वाट उघडायची. पुन्हा दिवेलागणीपर्यंत आत. बाईमाणसाच्या किती अडचणी असतात, त्या सगळ्या सांगत नाही. खोलीत एक मोरी होती. उजेडाला पत्र्यातली भोकं. पीठ उडून सगळ्यावर बसायचं, भांड्यांवर, पोरीच्या पापण्यांवर. आणि तो आवाज. आम्ही एकमेकींशी खुणेनं बोलायला लागलो. माझी पोर तर बोलायच्या आधी हातवारेच करायला शिकली.

मी ह्यांना म्हटलं, “मागच्या पत्र्याला एक दार पाडा.”

हे म्हणाले, “शेठला विचारतो.”

शेठ म्हणाला, “पीछे दूसरों का आंगन है. चोर आएगा, गेहूं ले जाएगा.”

आत्याबाई म्हणाल्या, “सुनेला मागचं दार कशाला गो? मागच्या दारानं बाईला पाय फुटतात.”

झालं. तिघांची तीन बोलणी, आणि पत्रा होता तिथंच.

आता विजेचं सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. आमच्या दाराच्या उजव्या हाताला, पट्ट्याच्या आतल्या बाजूला, भिंतीवर लाकडी फळी. फळीवर लोखंडी पेटीचा मोठा खटका, त्याला बाहेर दांडा. हे पट्ट्यापलीकडूनच, मोटरीवरून हात लांबवून तो वर-खाली करायचे. आणि खटक्याच्या खाली चिनीमातीच्या पांढऱ्या तीन डब्या, फ्यूजच्या. वायरमन अंबरनाथहून सायकलवर आला होता. कोकणातला माणूस, विडी कानावर. तो ह्यांना समजावत होता आणि मी दारामागं उभी राहून ऐकत होते.

“हे बघा, तीन तारा, तीन डब्या. प्रत्येकीत ही बारीक तार. ही जळायसाठीच आहे. जोर जास्त झाला की ही जळते, म्हणून तुमची मोटर नाय जळत.”

“आणि जळली की?”

“आधी खटका खाली. मग का जळली ते बघायचं. मग तीच तार, तेवढीच जाड. आणि तिन्ही डब्यांत सारखी. एकीत जाड नि एकीत बारीक, असं केलंत की मेलात.”

“आणि घाई असली तर?”

“घाई असली तर लगीन करा. तार नीटच लावायची.”

हे हसले. मी पण आत हसले.

दिवाळीच्या आसपास गिऱ्हाइकं वाढायची. आमच्याकडच्या बायका भाजणी आणायच्या, सिंधी बायका गव्हाचे डबे. गहू धुऊन आणायची चाल सगळ्यांचीच. ऊन नसलं की ते नीट वाळत नसत. बायका म्हणायच्या, “वाळलेत हो, बघा तरी,” आणि दाणा चावून दाखवायच्या, पण आतनं ओलेच. ओले दाणे दगडात चिकटायचे, दगड जड व्हायचा, मोटर कण्हायची आणि फट्‌ करून एखाद्या डबीतली तार जायची. गिरणी बंद.

बाहेर सगळ्यांचा आरडाओरडा. “शेठ, मोटर रुसली का? साडीचोळी करा तिला!” आणि आत मी? मी हंडा उचलायचे. पट्टा थांबला रे थांबला की वाकून पलीकडे. नळावर जायचं, बायकांशी दोन शब्द बोलायचे, आकाश बघायचं. ह्यांची तार बांधून होईस्तोवर परत. लोकांना फ्यूज गेला की त्रास. मला मात्र तो फट्‌ आवाज देवळाच्या घंटेसारखा लागायचा. अंबरनाथच्या शिवमंदिरात जायला कुठं मिळत होतं? माझी तीच घंटा.

पण शेठला ते परवडेना. एक दिवस बायका डबे उचलून दुसऱ्या गिरणीवर गेल्या, तेव्हा तो ह्यांच्यावर भडकला.

“रोज-रोज तार जलती है! मोटी डाल, साईं, मोटी! मोटर है, बैल थोड़ी है जो थकेगा!”

हे म्हणाले, “शेठ, वायरमन नको बोललाय.”

“वायरमन मेरा भाड़ा देता है क्या?”

ह्यांनी एका डबीत तांब्याची जाड तार पिळून घातली. ती गेली नाही. मग काही दिवसांनी दुसरी डबी उडाली, तिच्यातही तसलीच. तिसरी उडाली नव्हती म्हणून तिच्यातली बारीक तशीच राहिली. कुणी मुद्दाम केलं नाही. जे मोडलं ते दुरुस्त केलं, जे चाललं त्याला हात लावला नाही. आपलं सगळं असंच असतं.

पण माझी घंटा गेली. गिरणी थांबेचना. सकाळी पट्टा फिरायला लागला की दुपारपर्यंत फिरतच. त्याच दिवसांत माझी आई आली.

जांभुळाहून बदलापूरपर्यंत चालत, मग गाडीनं, डोक्यावर टोपली. आधी सांगायला माणूस नव्हता. गिरणी भरात होती. मी पत्र्याच्या फटीतून पाहिलं, पट्ट्यापलीकडे आई उभी. अंगावर पीठ बसत होतं, ती झटकत नव्हती. मी दारात आले. मधे पट्टा. आई काहीतरी बोलली, मी काहीतरी बोलले. दोघींनाही ऐकू गेलं नाही. मी पोरीला वर उचलून दाखवलं. आईनं लांबूनच बोटं मोडून तिची दृष्ट काढली. ह्यांनी गिऱ्हाइकांकडे बघून हातानं दाखवलं की आता थांबवता येत नाही, दुपारी. आईला परतीची गाडी होती. तिनं टोपली जमिनीवरून पट्ट्याखालून काठीनं सरकवली. टोपलीत वाल होते आणि सुके बोंबील. मग ती वळली आणि गेली.

आत्याबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनीच टोपलीतले वाल निवडायला घेतले, माझ्या हाताला मात्र त्या दिवशी काही काम लागू दिलं नाही.

मी रडले नाही. तिथं रडून कुणाला ऐकू जाणार होतं?

मग तो दिवस आला. ढगाळ होतं, सगळ्यांचे गहू ओले. सकाळपासून मोटर कण्हत होती. एकदा पट्टा थांबला, पण फट्‌ आवाज मला आला नाही, ओल्या पिठानं दगडच अडकला असेल असं सगळ्यांना वाटलं. मी हंडा घेऊन दारात आले तोवर ह्यांनी दगड साफ करून पुन्हा खटका वर केला होता. मोटर फिरेना. नुसती हं-हं करत राहिली, गळ्यात काही अडकलेल्या जनावरासारखी.

आता इथं काय करायचं होतं? खटका खाली करून डब्या बघायच्या होत्या. पण ह्यांच्या हाताला इंजिनाची सवय. इंजिन अडलं की ओढ द्यायची. हमाल होता, घाटावरचा, दंडाचा मोठा. हे त्याला म्हणाले, “घाल हात पट्ट्याला!” दोघांनी मिळून ओढ दिली. आणि मोटर फिरली!

बाहेर बायका ओरडल्या, “फिरली गो फिरली!” शेठ म्हणाला, “देखा? थोड़ा धक्का मांगती थी.”

मी रात्रंदिवस त्या आवाजात राहिलेली. माझ्या हाडांना तो आवाज माहीत होता. हा तो नव्हता. हा लंगडा होता. नंतर वायरमननं सांगितलं ते असं, की बारीक तार असलेली डबी गेली होती, मोटरीला तीनपैकी दोनच तारांतून वीज येत होती. एरवी ती अशी जागची हलत नाही, पण हातानं फिरवून दिली की दोनावरच फिरत राहते. तिघींचं काम दोघींनी ओढायचं, म्हणून दोघींवर जोर येतो. त्यांच्यात बारीक तार असती तर त्याही जळाल्या असत्या आणि मोटर वाचली असती. पण तिथं जाड. जाड तार जळत नाही. मग जळायचं कुणी? मोटरीनं.

मला तेव्हा एवढं काही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की तीन दगडांच्या चुलीतला एक दगड काढला आणि वर भरलेलं भांडं ठेवलं, तसं काहीतरी झालंय. मी दारातून ओरडले, “अहो, बंद करा! आवाज बघा तिचा!” ह्यांना ओठ हलताना दिसले असतील. त्यांनी हातानं ‘थांब, दुपारी’ असं दाखवलं.

मग वास आला. बांगडीवाल्याकडे लाख तापवतात तसा, पण कडू. मोटरीतून धूर निघाला. आधी बारीक, मग एकदम काळा, आणि मोटर आमच्या दाराशीच, म्हणून तो सगळा आमच्या दारातून आत. बाहेरच्या बायका डबे टाकून पळाल्या. त्यांना पळायला वाट होती.

हे खटक्याकडे यायला बघत होते, पण मधे मोटर, आणि ती धूर ओकत होती. ह्यांनी हात तोंडावर धरून पुढं यायचा प्रयत्न केला, खोकत मागं गेले. “पट्टा पाडा! पट्टा पाडा!” म्हणून ओरडले. इंजिनाच्या वेळी पट्टा बांबूनं ढकलून चाकावरून उतरवायचे. हमालानं बांबू घातला, पट्ट्यानं तो ओढून घेतला आणि फेकला, पत्र्यावर असा आपटला की वाटलं छप्पर पडलं.

आत पोर खोकत होती. मी तिला झोळीतून काढलं. मागच्या पत्र्यावर लाथा मारल्या, दोन्ही हातांनी ढकललं. पत्रा वाजला, हलला नाही. शेठनं चोरांसाठी खिळे चांगले मारले होते. आत्याबाई खाली बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून. त्यांचे डोळे मला दिसत होते. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, त्या पत्र्याकडे बघत होत्या.

मी पोर त्यांच्या मांडीवर टाकली आणि दाराकडे गेले. खटका माझ्या उजव्या हाताला, दोन पावलांवर. इतके महिने मी रोज त्याच्या शेजारून जात होते. विजेला बाईनं हात लावायचा नाही, असं सगळ्यांनी सांगितलेलं. मागनं आत्याबाई ओरडल्या, “हात लावू नको गो! मरशील!” मी चुलीपुढचा पाट उचलला, लाकडाचा, कोरडा, आणि त्याच्या कडेनं दांड्यावर दिला ठोका. पहिल्यांदा बसला नाही. दुसऱ्यांदा दांडा खाली आला.

हं-हं थांबलं. पट्टा आणखी थोडा फिरला, हळू झाला, थांबला. मी पोर उचलली, दुसऱ्या हातानं आत्याबाईंचा दंड धरला आणि तिघी पट्ट्याखालून रांगत बाहेर गेलो. बाहेर ओट्यावर आत्याबाई कितीतरी वेळ नुसत्या श्वास घेत होत्या. हमालानं पाणी आणलं. शेठ आपल्या मोटरीला ‘हाय-हाय’ करत होता.

मोटर मुंबईला गेली, नवी तार भरायला. तोवर गिरणी बंद. मी ह्यांना विचारलं नाही, सांगितलं, “जांभुळाला जाऊन येते.” आईनं मला दारात बघून आधी पोर घेतली. जेवताना तिनं विचारलं, “त्या दिवशी काय बोलत होतीस गो, पट्ट्याच्या पलीकडनं?”

“काय नाय. जेवून जा, म्हणत होते.”

“मी पण तेच म्हणत होते,” आई म्हणाली. “जेव बाय, म्हणत होते. बारीक झालीस.”

मोटर परत आली. वायरमन आला, डब्या उघडल्या, जाड तारा काढून शेठच्या हातात ठेवल्या. “ह्या गळ्यात बांधा, शेठ, मंगळसूत्र करून.” मग तिन्ही डब्यांत सारखी बारीक तार घातली. जाताना सांगून गेला, “आणि मोटर घडोघडी चालू-बंद करू नका. चालू होताना ती एकदम जोर घेते. भरल्या दगडावर पुन्हा-पुन्हा चालू कराल तर फ्यूज जातच राहतील.”

हे मी पण ऐकलं.

पट्टा पुन्हा आडवा आला. दार पुन्हा बंद. पहिले दोन दिवस मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी पाणी संपलं. मी दारात आले, पाट घेतला आणि खटका खाली केला. गिरणी थांबली. सगळी गिऱ्हाइकं बघायला लागली. हे म्हणाले, “फ्यूज गेला काय?”

“नाय. मी बंद केलं. पाण्याला जातेय.”

मी हंडा घेऊन सगळ्यांच्या समोरून गेले. भरून आणला. आत आले आणि म्हटलं, “करा आता चालू.” ह्यांनी चालू केली, दगडात दाणे भरलेले होते, फट्‌ झालं. तार गेली. एक सिंधी म्हातारी डब्यावर बसून खो-खो हसत होती. म्हणाली, “अच्छा किया, बेटी! मेरा आटा कल ले जाऊंगी.”

आत्याबाईंनी आत आल्यावर टोमणा मारला, “गिरणीची मालकीण झालीस गो.” मी म्हटलं, “तुम्हाला जायचं असेल तर सांगा, तुमच्यासाठीपण थांबवीन.” दुसऱ्याच दिवशी, गिरणी भरात असताना, त्यांनी मला खुणावलं. बोटानं आधी खटका दाखवला, मग बाहेर.

थोडे दिवस असं चाललं. कधी मी, कधी आत्याबाई. हे डोकं धरून तार बांधत बसायचे, मला काही म्हणायचे नाहीत. धुराच्या दिवसानंतर त्यांचा आवाजच कमी झाला होता. शेठ एकदा ओरडायला आला. मी म्हटलं, “शेठ, मागं दार पाडून द्या, मी खटक्याला बोट लावणार नाय. नाहीतर मोटी तार डालो.”

तो म्हणाला, “चोर आया तो?”

“चोर आला तर त्याला धूर दाखवू.”

शेवटी सुतार आला. मागच्या पत्र्याला उभं कापून चौकट बसवली, कडी आतून. दार पलीकडच्या अंगणात उघडलं, तिथं दोरीवर कपडे, कोंबड्या, चिखल. काही बघण्यासारखं नव्हतं. मी पोरीला कडेवर घेऊन बाहेर जायला निघाले, तर आत्याबाई मला बाजूला सारून आधी गेल्या. गुडघ्यांवर हात ठेवून उंबरा ओलांडला, भिंतीला टेकून उन्हात बसल्या आणि डोळे मिटले.

मी म्हटलं, “आत्याबाई, चहा?”

“इकडंच आण,” त्या म्हणाल्या. “आत नको.”